अडेनोमायोसिस आणि चॉकलेट सिस्ट: पिशवी काढली म्हणजे ओटीपोटाचे दुखणे थांबते का?

प्रश्न: गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझे वय अडतीस असून मी नाशिक जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मला अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. माझी पाळी पहिल्यापासूनच दुखरी होती, परंतु गेल्या काही वर्षांत हे दुखणे पाळीपुरते राहिलेले नाही. पाळी येण्याच्या आठवडाभर आधीपासून ओटीपोट आणि कंबर ओढल्यासारखी होते, पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत शौचाला बसल्यावर आतून अशी कळ येते की घाम फुटतो, आणि पती-पत्नीच्या संबंधातही खोलवर दुखत असल्यामुळे आता तो विषयच आम्ही टाळतो. त्या दिवसांत फळ्यावर लिहिताना मला दुसऱ्या हाताने टेबल धरून उभे राहावे लागते. मधल्या सुट्टीत मुले बाहेर पडली की वर्गाच्या भिंतीला पाठ टेकून मी खाली बसते, आणि घंटा झाल्यावर पुन्हा उठते.

सोनोग्राफीत गर्भाशय आकाराने वाढलेले असून अडेनोमायोसिस असल्याचे आणि डाव्या अंडाशयात साडेचार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, असल्याचे लिहिले आहे. सीए-१२५ ही अंडाशयाच्या कर्करोगाच्या संशयात करतात ती रक्ततपासणी थोडी वाढलेली आल्यामुळे घरात सगळेच घाबरले. आमच्या डॉक्टरांचे म्हणणे असे, की मूल झालेले आहे, तेव्हा गर्भाशय आणि त्याबरोबर दोन्ही अंडाशये काढून टाकावीत. सासूबाईंची आणि मोठ्या जाऊबाईंची पिशवी पूर्वीच काढलेली आहे, आणि ‘एकदा काढलीस की सुटलीस’ असे दोघी मनापासून सांगतात. आजवर मी मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामकाच्या गोळ्यांपलीकडे कोणताही उपचार घेतलेला नाही.

मला शस्त्रक्रियेची भीती नाही. भीती आहे ती एवढीच, की सगळे काढून झाल्यावरही दुखणे राहिले तर पुढे करण्यासारखे काय उरेल? ज्यांनी हा निर्णय घेतला, किंवा विचारपूर्वक घेतला नाही, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: रानजाई (सांगली)

ताई, माझे गर्भाशय वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी काढले. त्याचा मला झालेला फायदा आधी सांगते, कारण तो मोठा आहे. दर महिन्याला अंगावरून इतके जात असे, की हिमोग्लोबिन सातवर आले होते आणि जिना चढताना धाप लागत असे. ते सारे थांबले. पाळीच्या पहिल्या दिवशी पोट पिळवटून निघायचे, तेही गेले. शस्त्रक्रिया केली याचा मला पश्चात्ताप नाही.

परंतु तुम्ही ज्या कळीचे वर्णन केले आहे, शौचाच्या वेळची आणि संबंधाच्या वेळची, ती माझ्या बाबतीत तशीच राहिली. शरीरात पाळी येण्यासारखे काही उरलेले नसताना दर महिन्याला ठरावीक दिवसांत तीच कळ येत असे. ‘आता काय दुखणार, पिशवीच नाही’ असे मला घरात आणि दवाखान्यातही ऐकावे लागले. पुढे दुसऱ्या शहरातील तज्ज्ञांनी एमआरआय करून घेतला, तेव्हा गर्भाशयाच्या मागे, गुदाशयाला लागून असलेल्या एंडोमेट्रिओसिसच्या, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढून झालेल्या, गाठी पहिल्या शस्त्रक्रियेत जागच्या जागी राहून गेल्याचे कळले. त्या काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या वेळी आतड्याचे शल्यविशारदही सोबत होते. पहिल्या खेपेला हे कोणी शोधलेच नव्हते, कारण शौचाला जाताना दुखते का, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की काय काढायचे हे ठरवण्याआधी दुखणे नेमके कोठून येते, हे शोधून घ्या. त्यासाठी एक साधी वही करा. दुखणे कोणत्या दिवशी, कोठे, किती तीव्र, लघवीच्या वेळी की शौचाच्या, गोळी घेतल्यावर किती वेळाने उतरले, शाळा बुडाली का, हे रोज दोन ओळींत लिहा. दोन-तीन पाळ्यांची अशी नोंद समोर ठेवली, की डॉक्टरांचे प्रश्नही बदलतात. ‘खूप दुखते’ या दोन शब्दांवर कोणी फार काळ थांबत नाही. परंतु ‘पाळीच्या दुसऱ्या दिवशी शौचाच्या वेळी कळ, गोळी घेऊनही तासभर उठता आले नाही’ असे लिहिलेले दिसले की पुढची तपासणी सुचवली जाते.

प्रतिसाद: स्त्रीरोगतज्ज्ञ (मराठवाडा)

येथे कोणाला औषध लिहून देणे योग्य नाही, आणि तुम्हाला तपासल्याशिवाय तुमच्या डॉक्टरांचा सल्ला चुकीचा आहे असेही मी म्हणणार नाही. मात्र काही गोष्टी माहीत असल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नये, असे मला तीव्रतेने वाटते.

तुमच्या अहवालात दोन वेगळे आजार आहेत. अडेनोमायोसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्याच स्नायूंत शिरलेल्या असतात. त्यामुळे गर्भाशय जड होते, रक्तस्राव वाढतो आणि पोटात पिळवटल्यासारखे दुखते. हा आजार गर्भाशयातच असल्यामुळे ते काढल्यावर तो संपतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये तशाच पेशी गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे अंडाशयावर, गर्भाशयामागच्या बंधांवर, मूत्राशयावर किंवा आतड्यावर वाढतात, आणि चॉकलेट सिस्ट हे त्याचेच एक रूप आहे. हा आजार केवळ गर्भाशय काढल्याने जाईलच असे नाही. युरोपातील ‘एश्रे’ या प्रजननविषयक तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ज्यांना पुढे मूल नको आहे आणि ज्यांना इतर उपचारांनी गुण आलेला नाही, अशा स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याचा विचार करता येतो, परंतु त्याच वेळी दिसणारे सर्व एंडोमेट्रिओसिस काढले जावे आणि तरीही लक्षणे पूर्ण जातीलच असे नाही, हे रुग्णाला आधी सांगितले जावे. तुम्ही इतर उपचार अजून घेतलेलेच नाहीत, हा मला तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

ते उपचार असे आहेत. डायनोजेस्टची दोन मिलिग्रॅमची रोजची गोळी एंडोमेट्रिओसिसच्या वेदनेवर सर्रास वापरली जाते. सुरुवातीच्या महिन्यांत अधूनमधून डाग पडतात, काहींना डोकेदुखी होते किंवा मन उदास होते, आणि दीर्घकाळ घेताना हाडांकडे लक्ष ठेवावे लागते. लेव्होनोर्जेस्ट्रेल सोडणारे साधन, ज्याला लोक ‘हार्मोनची तांबी’ म्हणतात, ते गर्भाशयात बसवले तर अडेनोमायोसिसमधील रक्तस्राव आणि दुखणे दोन्ही बऱ्याच जणींमध्ये कमी होते; गर्भाशय फार मोठे असेल तर ते निसटून पडण्याची शक्यता मात्र वाढते. याखेरीज पाळी तात्पुरती थांबवणारी इंजेक्शने आहेत, परंतु त्यांनी हाडे विरळ होत असल्याने ती मर्यादित काळ आणि सोबत पूरक हार्मोन देऊन वापरतात. यांपैकी कोणतेही औषध आजार मुळापासून काढत नाही, तो दाबून ठेवते, आणि बंद केल्यावर त्रास परतू शकतो. तरीही अनेक स्त्रिया याच आधारावर रजोनिवृत्तीपर्यंतची वर्षे बऱ्यापैकी काढतात.

अंडाशयांविषयी स्वतंत्रपणे विचारा. अडतिसाव्या वर्षी दोन्ही अंडाशये काढली तर दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते. अंगातून गरम वाफा, झोप उडणे हे तर आहेच, पण हाडे आणि हृदय यांवर होणारा परिणाम अधिक गंभीर असतो, आणि त्यासाठी नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा विचार करावा लागतो. अंडाशये काढल्याने आजार पुन्हा होण्याची शक्यता कमी होते, हे खरे आहे. परंतु या वयात त्याची किंमत मोठी आहे, आणि ती मोजायची की नाही हे तुम्ही ठरवायचे आहे. सीए-१२५ बद्दल घाबरू नका. एंडोमेट्रिओसिस, अडेनोमायोसिस आणि प्रत्यक्ष पाळी चालू असणे, या तिन्हींमुळे ती वाढू शकते. तुमच्या अहवालात पहिल्या दोन गोष्टी आहेतच. सिस्टवर मात्र ठरावीक अंतराने सोनोग्राफीत लक्ष ठेवावे लागेल, आणि अचानक असह्य दुखणे, ताप, सतत उलट्या किंवा घेरी असे काही झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

‘मूल झाले, आता पिशवी काढा’ हे वाक्य आमच्या भागात फार जुने आहे. २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड कामगार महिलांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. फडावर खाडा पडला की दंड आणि पाळीत उसंत नाही, या परिस्थितीत तो त्यांना एकमेव मार्ग म्हणून दाखवला गेला. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या तीन महिन्यांत अमलात आणण्यास सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना सांगितले. तेव्हा दुसरे मत घेणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. तो तुमचा हक्क आहे.

प्रतिसाद: फिजिओथेरपिस्ट (पुणे)

वरच्या प्रतिसादात न आलेली एक बाजू मांडते. वर्षानुवर्षे ओटीपोट दुखत राहिले, की त्या कळीला तोंड देण्यासाठी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नकळत आवळलेले राहू लागतात, जसे दुखऱ्या दाताच्या बाजूने आपण चावणेच सोडून देतो. पुढे ते सैल सोडणे शरीराला जमेनासे होते, आणि मग हे स्नायूच स्वतंत्रपणे दुखू लागतात. संबंधाच्या वेळची वेदना, बसून उठताना माकडहाडाशी येणारी कळ, लघवी पूर्ण न झाल्याची भावना यांचे कारण काही स्त्रियांत या स्नायूंत असते. शिवाय दुखण्याचे संदेश दीर्घकाळ येत राहिले, की मज्जासंस्था अधिक संवेदनशील होते आणि थोड्याशा ताणालाही तीव्र वेदनेचा प्रतिसाद देते. म्हणून शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दुखणे राहू शकते, आणि ते दुखणे मनाचे खेळ नसते.

यासाठी या विषयातील प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे. पाळीच्या त्रासावर केगेलचे, म्हणजे हे स्नायू आवळून सोडण्याचे, व्यायाम करा असा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु स्नायू आधीच आवळलेले असतील तर तो व्यायाम त्रास वाढवतो. अशा वेळी आधी सैल सोडणे शिकवावे लागते. उताणे झोपून गुडघे वाकवा, एक हात पोटावर ठेवा, नाकाने सावकाश श्वास घेताना पोट वर येऊ द्या आणि त्याच वेळी खालचा भाग हलकेच खाली उतरू द्या, लघवीची धार सोडताना होतो तसा. श्वास सोडताना काहीही आवळू नका. सुरुवातीला पाच मिनिटे पुरतात. वर्गात उभे राहताना एक पाय आळीपाळीने छोट्या पाटावर ठेवला तर कंबरेवरचा ताण कमी होतो, आणि शौचाला कुंथावे लागणार नाही असा आहार व पाणी यांकडे लक्ष देणे हाही उपचारच आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर: गोदाकाठ

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. यजमानांनी हे सर्व प्रतिसाद वाचले, आणि संबंधाच्या वेळी मला दुखते याचा अर्थ मी त्यांच्यापासून दूर जाते आहे असा नाही, हे आमच्यात पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले गेले. वही कालपासून सुरू केली आहे. शस्त्रक्रियेची तारीख आम्ही पुढे ढकलली असून आतड्यापर्यंतच्या एंडोमेट्रिओसिसची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांकडे एमआरआयसह दुसरे मत घेणार आहोत.

आणखी एक विचारायचे आहे. माझी पुतणी एकोणीस वर्षांची असून पाळीत महाविद्यालय बुडवून गादीवर तळमळत पडते. पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली आहे, आणि ‘लग्न होऊन मूल झाले की थांबेल’ असे सांगून तिला परत पाठवले गेले. माझ्या आईलाही हेच सांगितले गेले होते, आणि मलाही. तिने खरोखरच थांबावे का?

प्रतिसाद: स्त्रीरोगतज्ज्ञ (मराठवाडा)

तिने थांबू नये. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत अवयवांच्या पृष्ठभागावरचे या आजाराचे छोटे डाग बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे नॉर्मल अहवालाने एंडोमेट्रिओसिस नाही असे सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो, आणि निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षे लागतात. ‘लग्नानंतर बघू’ या सल्ल्यात त्यांतली बरीच वर्षे जातात. गर्भारपणात काहींना तात्पुरता आराम पडतो, परंतु उपचार म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असे वर उल्लेखिलेल्या २०२२ च्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे.

अविवाहित मुलींची योनिमार्गातून सोनोग्राफी आपल्याकडे सहसा केली जात नाही, आणि तिची तयारी नसेल तर करूही नये. गरज भासल्यास एमआरआय करता येतो. परंतु प्रत्येक वेळी अहवालात आजार दिसेपर्यंत उपचार अडवून ठेवण्याचे कारण नाही. वेदनाशामक गोळी दुखणे शिगेला पोहोचल्यावर न घेता सुरू होतानाच, काही खाऊन आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घ्यावी. मेफेनॅमिक ॲसिडबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस सावधगिरीची सूचना दिली होती. गोळी घेतल्यानंतरच्या दिवसांत, अगदी काही आठवड्यांनीही, अंगावर पुरळ, ताप किंवा गाठी आल्या तर ती बंद करून लगेच दाखवावे. तेवढ्याने भागत नसेल तर तपासून हार्मोनच्या गोळ्या देता येतात. त्या घेतल्याने पुढे मूल होत नाही, ही समजूत निराधार आहे, आणि मुलीच्या आईलाही हे समोर बसवून सांगणे आवश्यक असते. तपासणीला जाताना पाळीमुळे वर्षभरात महाविद्यालयाचे किती दिवस बुडाले, हा आकडा तिने लिहून न्यावा आणि तो सर्वांत आधी सांगावा.