मोंपाझिए: पट्टीने आखल्यासारखं हे गाव कुणी वसवलं?

प्रश्न
ऑक्टोबरमध्ये फ्रान्समध्ये बेर्जराकला चार दिवस मुक्काम आहे. जवळच मोंपाझिए नावाचं बाजाराचं गाव आहे. नकाशात सगळे रस्ते काटकोनात दिसतात. मध्ययुगीन गाव इतकं सरळ कसं? आणि अर्धा दिवस पुरेल का?

उत्तर १
गुरुवारी जा, आठवडी बाजाराचा वार तोच. गाडी बाहेरच लावा.

उत्तर २
अर्धा दिवस नको, पूर्ण दिवस ठेवा. मी दोनदा गेलोय आणि दोन्ही वेळा पाय निघत नव्हता.

हे गाव हळूहळू वाढत गेलेलं नाही. आधी आखलं, मग लोक आणून वसवलं. अशा गावाला तिकडे बास्तीद म्हणतात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड हा आक्विटेनचा, म्हणजे फ्रान्सच्या या नैऋत्य भागाचा, ड्यूकही होता. त्याने १२८४ साली जवळच्याच बिरों गावच्या सरदाराशी भागीदारी करून हे वसवलं. साधारण ४०० मीटर लांब, २२० मीटर रुंद, आणि मधोमध चौक. बाजार भरला की कर मिळतो, म्हणून चौक हाच गावाचा जीव. चौकाभोवती कमानींच्या ओसऱ्या आहेत, पाऊस आला तरी व्यवहार थांबत नाही. एका बाजूला सोळाव्या शतकातला लाकडी खांबांचा मंडप आहे. त्यात धान्य मोजायची जुनी मापं अजून जागेवर आहेत. ती नक्की बघा. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

याच चौकात १६३७ च्या ऑगस्टमध्ये ब्यूफारो नावाच्या विणकराला चाकावर हाडं मोडून मारलं. करांविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांचा, म्हणजे क्रोकांचा, तो एक पुढारी. शेजारच्याच काप्द्रोचा. ओसरीत कॉफी पिताना हे आठवलं आणि कप खाली ठेवला.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. घरांच्या मधे अगदी अरुंद फटी असतात असं वाचलं, त्या कशासाठी?

उत्तर २
त्यांना आंद्रोन म्हणतात. जेमतेम वीतभर-दीड वीत रुंद. आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये आणि सांडपाणी वाहून जावं म्हणून सोडलेल्या. चौकातून चर्चकडे जाल तेव्हा दारावरचा क्रांतिकाळातला लेखही वाचा: फ्रेंच जनता परमतत्त्वाचं अस्तित्व आणि आत्म्याचं अमरत्व मान्य करते. ऑक्टोबरात पाऊस पडून गेला असेल तर मंडपाखाली सेप अळंबी विकायला आलेली दिसतील.