मुलगा साडेदहाचा, कॉर्कच्या शाळेत आयरिश सक्तीची, सूट मागू का?

मांडवीची_आई
नमस्कार, आम्ही बडोद्याचे. ह्यांना आयर्लंडमध्ये कॉर्कला नोकरी लागलीय, ऑगस्टमध्ये सगळेच निघतोय. मुलाच्या नव्या शाळेचं पत्र आलं, त्यात इंग्रजीबरोबर आयरिशही आहे, आणि ती म्हणजे इंग्रजीचा प्रकार नाही तर सगळी वेगळीच भाषा हे मला तेव्हा कळलं. त्याला घरी मराठी, बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी आणि हिंदी, आता ही पाचवी! ओळखीतले म्हणतात सूट मिळते, अर्ज टाकून मोकळे व्हा. सासूबाईंना वेगळीच काळजी, की ह्या सगळ्यात त्याचं मराठी वाचन सुटेल. कोणाची मुलं तिकडे शिकलीत का? खरंच सांगा.

लिमरिककर
ताई, मीही बडोद्याचाच, दांडियाबाजार. मुलगी आठ वर्षांची असताना इकडे आलो, आता तिचं लीव्हिंग सर्टचं वर्ष, म्हणजे आपली बारावी समजा. आधी सूट मिळण्याचं सांगतो. परदेशातून आलेल्या मुलाला सूट हवी तर वय किमान १२ लागतं आणि त्याआधी सलग तीन वर्षं देशाबाहेर शिकलेला असावा लागतो, निर्णय मुख्याध्यापक देतात. साडेदहाच्या मुलाला ह्या कारणावरून मिळणार नाही, त्यामुळे तो विचार सोडा आणि मनापासून सांगतो, सोडलेलाच बरा.
पहिले दोन महिने लेक रडकुंडीला यायची कारण लिहितात एक आणि वाचतात भलतंच. हाताला शब्द आहे 'लाव', लिहिताना शेवटी एम-एच. बी-एच पण बऱ्याचदा 'व'. वर शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं, होडी म्हणजे 'बाद', माझी होडी 'मो वाद', आमची होडी 'आर माद'. आपल्याकडे घोड्याला, घोड्याचा असं शेपटाकडे बदलतं, ह्यांच्यात तोंडाकडे, एवढाच फरक.
खरी गाडी सुटली ती आकड्यांवर. आयरिशमध्ये वस्तू मोजायचे आकडे वेगळे आणि माणसं मोजायचे वेगळे, बेर्त, त्रूर, क्याहरर. मी म्हटलं अगं हे तर आपलं दोघं, तिघं, चौघं! इंग्रजीतून समजावताना बाईंना पाच मिनिटं लागली होती आणि हिला एका क्षणात कळलं. मग आम्ही रोज जेवताना हेच करायचो. भूक लागली तर ते 'मी भुकेला आहे' म्हणत नाहीत, 'ता ओक्रस उरम', भूक माझ्यावर आहे, आपली भूकही आपल्याला लागतेच की. पुस्तक 'माझ्याकडे' असतं, 'हॅव'सारखं क्रियापदच नाही. हो-नाहीला पण वेगळे शब्द नाहीत, भूक लागलीय का विचारलं तर उत्तर क्रियापदानंच, आपणही 'लागलीय' म्हणतो तसं. त आणि द आपल्यासारखे दाताला जीभ लावून, वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा हिचे उच्चार लवकर बसले.

नर्मदाकाठ
माफ करा पण उपयोग काय? २०२२ च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे ७१,९६८ निघाले. तेवढ्या वेळात गणित करू दे की मुलाला.

लिमरिककर
आकडा बरोबर आहे, पण त्याच जनगणनेत आयरिश येते म्हणणारे १८,७३,९९७ आहेत, आणि ते बहुतेक शाळेतूनच आलेत. संविधानात ती पहिली राजभाषा आहे. इथे प्राथमिक शाळेत शिक्षक व्हायचं तर आयरिश लागतेच. लीव्हिंग सर्टला ४०% मार्क तोंडी परीक्षेचे असतात, म्हणून लेक आता दिवसभर बडबडत असते. पण मला मार्कांपेक्षा हे मोठं वाटतं की ती वर्गातली 'बाहेरची' राहिली नाही, कारण आयरिशच्या तासाला बहुतेक सगळेच अडखळत असतात. गेल्या उन्हाळ्यात तीन आठवडे गेल्टाख्टला, म्हणजे आयरिश बोलणाऱ्या भागात, एका घरी राहून आली, घरच्या बाईंशी सगळं आयरिशमध्येच.

सेवानिवृत्त_गुरुजी
मांडवीची आई, तुमच्या मुलाला ह्याची सवय आहे बरं का. गुजरातेत २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी गुजराती सगळ्या बोर्डांना सक्तीची झालीय. शिरोरेघ नसलेली अक्षरं वाचायला शिकलाच ना तो? मी दांडियाबाजारच्या मराठी घरांतली मुलं वर्षानुवर्षं पाहिली, ज्यांचं घरचं मराठी पक्कं होतं त्यांना गुजराती कधी जड गेली नाही. सासूबाईंना सांगा, आयरिश मराठीतूनच समजावा, इंग्रजीतून नको, म्हणजे मराठीही रोज कामाला येईल.

मांडवीची_आई
काका, लिमरिकदादा, खूप आभार. दादा, उच्चार ऐकायला कुठे मिळतात?

लिमरिककर
त्यांग्लन (teanglann.ie) नावाची साइट आहे, मोफत. एकेक शब्द तीन बोलींत म्हणून दाखवतात. कॉर्कला मन्स्टरची बोली, तेवढंच बटण दाबा. आणि जायच्या आधी एक वाक्य पाठ करून घ्या, 'अन विल क्याद अगम दुल गो दी अन लेहरस', बाथरूमला जाऊ का. पहिल्याच दिवशी लागेल.

मांडवीची_आई
ऐकवलं त्याला. आता आजीला घेऊन बसलाय, घरात त्रूर माणसं आहेत की क्याहरर, आजोबा देवळात गेलेत ते धरायचे का यावरून वाद चाललाय.