‘कट्यार’चा चित्रपट पाहिला म्हणजे नाटक पाहिले असे होत नाही

तिसरी घंटा :
चित्रपटप्रेमींच्या एका समूहात काल एका सदस्याने लिहिले की, ‘कट्यार काळजात घुसली’ हा २०१५ चा चित्रपट आल्यानंतर मूळ संगीत नाटकाचे प्रयोग करण्यात काही अर्थ उरलेला नाही, कारण चित्रपटात सारे काही अधिक देखणे आणि आटोपशीर आहे, आणि नाटकातल्या लांबलेल्या गाण्यांत रस फक्त निवृत्त मंडळींना असतो. अनेकांनी त्याला दुजोरा दिला. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा हा विषय नसल्यामुळे येथे सविस्तर लिहीत आहे.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले, त्यात खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका पंडित वसंतराव देशपांडे यांनी केली. रंगमंचावर खाँसाहेब गात होते तेव्हा ते पात्र आणि तो गळा एकाच माणसाचा होता. तान घेताना भरलेला दम, अवघड जागा गाठल्यावर चेहऱ्यावर उमटलेला गर्व, समेवर येताना फिरलेली मान, हे सगळे गाण्यातूनच येत होते. चित्रपटात सचिन पिळगांवकर यांनी भूमिका मनापासून केली आहे, पण गळा राहुल देशपांडे यांचा आहे. ओठ जुळतात, देह जुळत नाही.

इतर कोणत्याही कथेत मी हे सहन केले असते. परंतु या नाटकाचा विषयच असा आहे की, विद्या ही गळ्यात आणि देहात मुरलेली असते आणि ती कोणी कोणाला द्यायची हा तंटा आहे. शिकवणी नाकारलेला सदाशिव हा तरुण ओळख लपवून खाँसाहेबांच्या हवेलीत नोकर म्हणून राहतो आणि खाँसाहेबांचा रियाज चोरून ऐकतो. नाट्यगृहात बसलेले आपणही त्याच्यासारखेच समोर घडणारे गाणे कान देऊन ऐकत असतो. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवले की या नातेसंबंधाचा पायाच निघून जातो.

पडद्यापलीकडे :
आपले लेखन वाचून राग आला, म्हणून तितक्याच विस्ताराने उत्तर देतो. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. माझ्या आठवणीत आमच्या गावात संगीत नाटकाचा एकही प्रयोग झालेला नाही. चित्रपट मात्र आमच्या एकपडदा चित्रपटगृहात आला. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. ‘सूर निरागस हो’ ऐकल्यावर तिने पेटी शिकण्याचा हट्ट धरला आणि आज ती शास्त्रीय गायनाच्या परीक्षा देते. तिच्यासाठी ‘कट्यार’ म्हणजे तो चित्रपटच आहे, आणि त्यात तिला कमीपणा वाटावा असे मला काही दिसत नाही.

शिवाय आपला मुद्दा अर्धाच खरा आहे. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडित भानुशंकर यांची भूमिका करणारे शंकर महादेवन स्वतःच गायले आहेत, याचा उल्लेख आपण सोयीस्करपणे टाळला. ‘बालगंधर्व’ या २०११ च्या चित्रपटात सुबोध भावे यांना गळा आनंद भाटे यांचा होता आणि भाटे यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कट्यार’मधल्या ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांनाही तो मिळाला. गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा ही गोष्ट प्रेक्षकांनी केव्हाच स्वीकारली आहे.

तिसरी घंटा :
शंकर महादेवन यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. अभिनेते म्हणून ते नवखे होते, तरी गाताना त्यांचा पंडितजी क्षणभरही खोटा वाटत नाही, कारण तो खरोखर गात असतो. चित्रपटाला हे अशक्य आहे असेही नाही. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस स्वतः अभंग गायले, आणि आजही त्यांच्याइतका खरा तुकाराम पडद्यावर दिसलेला नाही. पुरस्कार गायकांना मिळाले हे योग्यच झाले. त्यामुळे गायक-नटाची जागा भरून निघत नाही.

मांडवीकाठ :
दोघांचेही वाचले आणि नेहमीप्रमाणे एका गोष्टीने वाईट वाटले. ‘कट्यार’बद्दल इतके लिहिले गेले आणि त्यात जितेंद्र अभिषेकींचे नावसुद्धा नाही! चित्रपटासाठी शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी केली, ती चांगलीही आहेत. पण ज्या पदांमुळे हे नाटक टिकले, त्यांना चाली देणारे बुवा आमच्या मंगेशीचे होते. मूळ संचातला सदाशिव म्हणजे प्रसाद सावकार, तेही गोव्याचे. मास्टर दीनानाथ मंगेशीचेच. पुण्यातल्या एका कार्यक्रमात निवेदकांनी बुवांची पदे ‘पुण्याने महाराष्ट्राला दिलेली देणगी’ म्हणून सादर केली होती, तेव्हा मी उठून बाहेर आले होते.

आणि संगीत नाटकात रस निवृत्तांनाच असतो, हे ज्याने लिहिले त्याने आमच्या देवळांच्या उत्सवांत एकदा यावे. गावातलीच माणसे नाटक बसवतात, पहाटेपर्यंत प्रयोग चालतो आणि पुढच्या रांगेत शाळकरी मुले बसलेली असतात. माझे मामा बँकेत कारकून होते आणि उत्सवात सदाशिवाची भूमिका करत असत. गळा बसलेला असतानाही त्यांनी एकदा ‘घेई छंद मकरंद’ शेवटपर्यंत नेले होते, आणि त्या फाटलेल्या आवाजाला मिळालेली दाद मी अजून विसरलेले नाही.

नागनदी :
मांडवीताई, गोव्याचे ऋण मान्य आहे, पण मग हिशेब पूर्ण मांडावा. दारव्हेकर मास्तर नागपूरचे, त्यांची ‘रंजन कला मंदिर’ ही नाट्यसंस्था नागपूरची. वसंतराव मूर्तिजापूरचे आणि त्यांचे सुरुवातीचे शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. म्हणजे शब्द विदर्भाचा आणि गळाही विदर्भाचा. तरीही नाट्यसंगीताचा इतिहास सांगताना आमचा प्रदेश कोणाला आठवत नाही. ही सल आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

मांडवीकाठ :
चालीवाचून तो गळा काय गाणार होता? ‘घेई छंद मकरंद’ या एकाच पदाला बुवांनी दोन चाली दिल्या. एक धानी रागातली, सरळ आणि प्रसन्न, पंडितजींच्या घराण्याची. दुसरी सालगवराळी रागातली, वळणावळणाची, खाँसाहेबांच्या मिजाशीची. दोन घराण्यांचा सारा संघर्ष संवादाचा एक शब्द न वापरता संगीतकाराने उभा केला आहे. याला केवळ साथ म्हणायचे असेल, तर आपल्याशी बोलण्यात अर्थ नाही.

नागनदी :
‘साथ’ हा शब्द मी वापरलेला नाही. माझ्या तोंडी घालू नये. सालगवराळीची ती चाल ऐकून मीही थक्क झालो आहे. पण ती पेलणारा गळा कसा घडला, हेही पाहावे. वसंतराव तरुणपणी लाहोरला जाऊन असद अली खाँ यांच्याकडे मारवा राग शिकले, पुढे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गात राहिले, आणि कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत त्यांना बसवता आले नाही. घराण्याच्या अभिमानाने पेटलेला खाँसाहेब अशा माणसाने रंगवला, हे मला या नाटकातले सर्वांत मोठे आश्चर्य वाटते. ती चाल दुसऱ्या कोणाच्या गळ्यात इतकी शोभली असती असे मला वाटत नाही. आपल्याला वाटत असेल तर वाटो.

सीमेवरचा :
वाद घालायचाच असेल तर ज्यांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक रंगमंचावर आणले ते अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे होते, आणि ते गाव आज कर्नाटकात आहे, एवढे नमूद करून थांबतो.

पडद्यापलीकडे :
आपण सर्वजण मालकीवरून भांडत आहात आणि मला मनस्वी चीड येत आहे. गोवा, पुणे, नागपूर, बेळगाव, प्रत्येकाला आपला वाटा हवा आहे. आमच्या तालुक्याला वाटा द्यावा असे मात्र कोणाच्याही मनात आलेले नाही. आमच्या गावात सांस्कृतिक सभागृह बांधले गेले. त्याचे उद्घाटन झाले, फोटो छापून आले, आणि तेव्हापासून तेथे लग्ने आणि राजकीय मेळावे होतात. रंगमंचाची खोली इतकी कमी आहे की नेपथ्य उभेच राहू शकत नाही. नाटकाचा दौरा येण्याची वाट पाहत बसलो असतो, तर माझ्या मुलीने वसंतरावांचे नावही ऐकले नसते. आपली ही श्रेष्ठत्वाची भाषा ज्यांना नाट्यगृह उपलब्ध आहे त्यांनाच परवडते.

तिसरी घंटा :
शहरातल्या नाट्यगृहांबद्दल आपला गैरसमज आहे. मागच्या एका प्रयोगात खाँसाहेबांच्या आलापीत ध्वनिवर्धकाची शिट्टी इतक्या वेळा घुसली की मध्यंतरात आम्ही काही प्रेक्षक व्यवस्थापकांकडे गेलो, तर त्यांनी पडद्याआड बोट दाखवून हात झटकले. संगीत नाटकाला सभागृहाची शांतता लागते, ती आम्हालाही मिळत नाही. पण याचा अर्थ नाटक बंद करून चित्रपटावर समाधान मानावे असा होत नाही. सभागृहे नीट करावीत, असा होतो.

नागनदी :
या एका मुद्द्यावर मी पडद्यापलीकडे यांच्या बाजूने आहे. विदर्भातही मोठ्या शहरांबाहेर हीच स्थिती आहे.

मांडवीकाठ :
गोव्यात देवळापुढचा मांडव पुरतो. सभागृहाअभावी नाटक अडते हे मला पटत नाही. गावाने ठरवले तर गावच प्रयोग उभा करते. तुमच्या गावात कोणी ठरवले का?

पडद्यापलीकडे :
ताई, आपल्याकडे शंभर वर्षांची परंपरा आहे, घरोघरी पेटी-तबला आहे, म्हणून आपल्याला हे सोपे वाटते. आमच्याकडे पेटी शिकवणारा शोधायला मला दुसऱ्या तालुक्याला जावे लागले. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तिसरी घंटा :
पडद्यापलीकडे यांची तक्रार मी बाजूला सारणार नाही. त्यांच्या मुलीला गाणे चित्रपटामुळे मिळाले, एवढे श्रेय मी चित्रपटाला देतो, जड मनाने का होईना. पण ज्या विधानावरून मी लिहायला बसलो ते ‘नाटकाला अर्थ उरलेला नाही’ असे होते. गळ्याची तालीम घेणारी मुलगी गाणारा नट समोर पाहील, तेव्हा तिला जे कळेल ते पडद्यावरून कळणार नाही, या मतावर मी ठाम आहे.

पडद्यापलीकडे :
नाटकाला अर्थ उरलेला नाही असे मी कधीही म्हटलेले नाही. ते विधान आपण दुसऱ्या ठिकाणाहून आणलेत आणि उत्तर मला देत बसलात. आपण म्हणता तो गाणारा नट आमच्या तालुक्यात आणून दाखवा, तिकिटे विकण्याची जबाबदारी मी घेतो. प्रयोग पाहिल्यावर मुलीचे मत येथे लिहीन, ते आपल्या बाजूचे असले तरी. तोपर्यंत ती ‘सुरत पिया की’ चित्रपटातलीच ऐकेल, आणि त्याबद्दल आमच्या घरी कोणालाही खंत नाही.