अमेरिकेतली कॅसेट, चिंचवडचा व्हीसीआर

खडीसाखर
काल माळा आवरण्याच्या गप्पांत वाटसरू यांनी लिहिलं, "परदेशी व्हिडिओ कॅसेटचा लोक उगाच बाऊ करतात. आताचा टीव्ही सगळं घेतो. जुन्या बाजारातून कुठलाही व्हीसीआर आणा, कॅसेट लावा, मोबाइलने पडद्याचं शूटिंग करा आणि कॅसेट टाकून द्या." खाली चौघांनी "अगदी बरोबर" म्हटलं, म्हणून मला राहवलं नाही. हे वाचून एकाने जरी कॅसेट भंगारात घातली तरी ती परत मिळणार नाही.

टीव्ही घेतो, हे खरं. पण अडतं ते टीव्हीपाशी नाहीच, व्हीसीआरपाशी अडतं. टीव्हीच्या चित्राची पद्धत देशोदेशी वेगळी. अमेरिकेत एनटीएससी: ५२५ रेषा, सेकंदाला जवळपास ३० चित्रं. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला तो पॅल: ६२५ रेषा, २५ चित्रं. व्हीसीआरमध्ये टेप वाचणारे हेड एका फिरत्या ड्रमवर बसवलेले असतात, तो ड्रम एका चित्राला एक फेरा घेतो. तिकडे मिनिटाला साधारण १८०० फेरे, इकडे १५००. टेपसुद्धा तिकडे सेकंदाला ३३ मिलिमीटर सरकते, इकडे २३. नुसत्या पॅलच्या मशीनला तो वेग धरताच येत नाही. डीव्हीडी चालते म्हणून कॅसेटही चालेल असं लोक धरून चालतात. डीव्हीडीवर आकडे असतात, प्लेअर ते वाचून चित्र तयार करतो. कॅसेट ज्या वेगाने भरली त्याच वेगाने वाचावी लागते.

१९९२ मध्ये दादाने न्यू जर्सीहून लेकीच्या बारशाची कॅसेट पाठवली. साताऱ्याला आम्ही शेजारच्यांचा व्हीसीआर उचलून आणला, आजीची खुर्ची टीव्हीपुढे ओढली. पडद्यावर काळेपांढरे तिरके पट्टे. पाळणा ऐकू येत होता, पण वहिनीचा आवाज पुरुषासारखा जड, रेंगाळणारा. बाबा अर्धा तास चित्र जुळवायचं, ट्रॅकिंगचं चाक फिरवत बसले. आजी सारखी विचारत होती, "बाळ कुठंय?" ती १९९४ मध्ये गेली. आम्ही ते बारसं पाहिलं २०१९ मध्ये.

वाटसरू
वाईट वाटलं वाचून. पण तुम्ही पुस्तकातलं सांगताय, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. मेव्हण्याची शिकागोची कॅसेट चिंचवडला आमच्या व्हीसीआरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालली, रंगासकट. एकदा नव्हे, चारदा. तुमच्या शेजाऱ्यांचं मशीनच बिघडलेलं असेल.

खडीसाखर
तुमचा व्हीसीआर घेतला कुठे होता?

वाटसरू
काकांनी दुबईहून आणला होता. त्याचा इथे काय संबंध?

खडीसाखर
सगळा संबंध तिथेच आहे. आखातात अमिरातीत पॅल, सौदीत सेकॅम ही तिसरीच पद्धत, आणि माणसं देशोदेशीची. म्हणून तिथे मल्टीसिस्टिम, म्हणजे एकाहून जास्त पद्धती चालवणारी मशीन सर्रास विकली जायची. तुमच्या मशीनवर एनटीएससीचा खटका असणार. काढून बघा.

गावकूस
वेगाचं चाललंय तर चालू द्या, माझं दुखणं वेगळं आहे. भावाचं लग्न टेक्सासला झालं, तिथे बाबा तीन मिनिटं बोलले होते. त्यांच्या आवाजाची आमच्याकडे तेवढीच खूण. ती कॅसेट कन्व्हर्ट करायला एका दुकानात दिली. डीव्हीडी मिळाली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई! बाबांचे ओठ हलताहेत आणि वर सनई. मूळ कॅसेट मागायला गेले तर म्हणाले, डीव्हीडी दिली ना, कॅसेट टाकली. वाटसरू, "टाकून द्या" असं सहज लिहू नका हो.

तांबडमाती
माझा राग दुकानदारांवर नाही, पाठवणाऱ्यांवर आहे. आमच्याकडे सहा कॅसेट आल्या, सहाही एनटीएससी. आईने त्या कपाटात साड्यांखाली ठेवल्या आणि कोणी आलं की कव्हर दाखवायची, "हा नातू." कव्हर! तिकडे मशीन होती, दुकानं होती, पैसा होता. कन्व्हर्ट करून पाठवायला काय झालं होतं? म्हाताऱ्या माणसांनी इथे कुणाकुणाच्या दारात मशीन मागत फिरायचं?

हडसनकाठ
पैसा होता हे कोणी सांगितलं तुम्हाला? मी त्या पाठवणाऱ्यांतलाच. १९९० मध्ये विद्यार्थी होतो, कॅमेरा मित्राचा, कॅसेट कोपऱ्यावरच्या दुकानातली. एनटीएससी हे नाव मी तोवर ऐकलं नव्हतं. दोन्हीकडची कॅसेट दिसायला एकच, त्याच खाचेत बसते. मग कळणार कसं?

आणि हे फक्त तुमच्याच बाजूला घडलं असं समजू नका. धाकट्या बहिणीच्या लग्नाला मला सुट्टी मिळाली नाही. नाशिकहून तीन तासांची कॅसेट आली. इथल्या मशीनमध्ये पॅलची कॅसेट घातली की उलटं होतं, सगळं पळतं. मंगलाष्टकं किरट्या आवाजात धावत सुटली, चित्र फाटलेलं. रात्री दोनपर्यंत एकटाच बसून ऐकली. अंतरपाट दूर झालेला मला दिसला तो सात वर्षांनी. तुमच्या घरचा राग माझ्यावर काढू नका.

तांबडमाती
पहिली कॅसेट न कळता पाठवली, हे मानते. पण चालत नाही असं पत्राने कळवल्यावरही पुढच्या पाच तशाच आल्या. त्याला अज्ञान म्हणत नाहीत. तुमचं लग्नाचं वाचून मात्र गप्प बसावं लागलं, एवढंच.

वाटसरू
मशीन काढलं. खटका आहे, मागच्या बाजूला, नखाएवढा. काकांनी तो लावून ठेवला असेल, आम्ही कधी हात लावला नाही. तेव्हा "कुठलाही व्हीसीआर" हे मागे घेतो. बाकीचं घेत नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ मध्ये हात टेकले. आपल्या कोकणपट्टीत एका पावसाळ्यात कॅसेटला बुरशी येते. योग्य मशीनची वाट बघत दहा वर्षं गेली तर काय उरणार? मोबाइलचं शूटिंग निदान हातात राहतं.

खडीसाखर
घाई करायला हवी, इथे तुमच्याशी एकमत. पण कॅसेट एकुलती एक असताना तुमची पद्धत नको. बुरशी असेल तर खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. ती तशीच मशीनमध्ये घातली तर हेड भरतो आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. आधी साफ करून घ्यायची. दुसरं, पुष्कळ मल्टीसिस्टिम मशीन एनटीएससी कॅसेटचा रंग पॅलसारखा करून देतात. टीव्हीवर छान दिसतं, कॉम्प्युटरला जोडलं की रंग जातो किंवा चित्र तुटतं. खटक्यावर शुद्ध एनटीएससी असेल तर तेच लावा. तिसरं, तिकडे दोन तासांच्या कॅसेटवर सहा तास भरायची सोय होती. त्यात टेपवर चित्र उमटतं तो पट्टा ५८ मायक्रॉनऐवजी १९ मायक्रॉन रुंद होतो, म्हणून अशी कॅसेट मूळ मशीनखेरीज इतरांवर खरखरते.  बारशाच्या कॅसेटसाठी आम्हीही तीन मशीन बदलली तेव्हा वहिनीचा आवाज वहिनीचा झाला.

वाटसरू
आमच्या मशीनमधला रबरी पट्टा सैल झालाय, पण फिरतं. चिंचवडला यायची तयारी असेल तर तांबडमाती, त्या सहा कॅसेट घेऊन या. पट्टा मी बदलून ठेवतो.

तांबडमाती
आई आता ८४ ची आहे. तिला घेऊन आले तर चालेल?

वाटसरू
अहो, विचारता काय! रविवारी या.

गावकूस
वहिनीच्या माहेरी टेक्सासला लग्नाची एक प्रत असावी असं भाऊ आज म्हणाला. गॅरेजमध्ये, खोक्यात. रात्री फोन करते त्यांना.

हडसनकाठ
फोन कराल तेव्हा पहिल्यांदा एक सांगा. कॅसेटच्या मागच्या कडेला डावीकडे प्लॅस्टिकची चौकोनी टिकली असते, ती मोडून टाकायची. मोडली की चुकूनही वर दुसरं रेकॉर्ड होत नाही. आणि सापडली की खोक्यात घालून टपालाने पाठवायला सांगू नका. कोण भारतात येणार आहे ते बघा, हातातल्या पिशवीतून आणू दे.