मदत हवी आहे: एका रसायनावर बंदी आली की त्याचंच भावंड पिंपात येतं, हे नियमात कसं अडवायचं?

मंडळी, नमस्कार. एरवी मी वाचनमात्र, पण आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

मी धातूचे सुटे भाग धुण्याच्या विभागात काम करतो. आमच्याकडे वाफेची टाकी आहे. तळाला द्रावक उकळतं, वाफ वर चढते, थंड भागांवर जमते आणि तेल-ग्रीस घेऊन खाली गळते. पूर्वी टाकीत टीसीई, म्हणजे ट्रायक्लोरोएथिलीन असायचं. त्याने माणसाला कर्करोग होतो हे आता वादातीत आहे, त्यामुळे ते बंद झालं तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. नव्या पिंपावर ठळक अक्षरांत 'टीसीई-मुक्त' असं छापलेलं होतं. वास गोडसर आणि काम पूर्वीइतकंच झकास.

सात-आठ महिन्यांनी टाकीवरचा एक सहकारी म्हणायला लागला, "पायाला सारख्या मुंग्या येतात, बुटात पाय आहे की नाही तेच कळत नाही." डॉक्टरांनी साखर तपासली, ती व्यवस्थित निघाली. 'काम काय करता' हा प्रश्न तिसऱ्या खेपेला आला! तेव्हा मी पिंपासोबत आलेलं सुरक्षा माहितीपत्रक शोधून काढलं. त्याचे सोळा भाग असतात. तिसऱ्या भागात घटकांच्या रकान्यात नाव नीट लागेना, पण सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळखक्रमांक, होता: १०६-९४-५. शोधल्यावर कळलं, हे १-ब्रोमोप्रोपेन. आणि अकराव्या भागात, जिथे विषारीपणाची माहिती द्यायची असते, तिथे दीर्घकालीन परिणामांपुढे लिहिलं होतं 'माहिती उपलब्ध नाही'.

माहिती उपलब्ध नाही कशी? युरोपने २०१२ मध्येच हा पदार्थ प्रजननाला घातक म्हणून अतिचिंतेच्या यादीत टाकलाय. अमेरिकेत गाद्यांचा फोम चिकटवणाऱ्या कामगारांच्या नसांना याने इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सहकाऱ्याचे पाय यानेच सुन्न झाले असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. पण तो रकाना डोक्यातून जात नाही. वाचणारा त्याचा अर्थ 'धोका नाही' असाच घेतो, मीही तोच घेतला होता.

आता मुद्द्यावर येतो. रसायनांच्या नव्या नियमांच्या मसुद्यावर सूचना मागवल्या आहेत आणि कामगारांच्या बाजूने दोन पानं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. थोडं वाचलं तर सगळीकडे हीच गत दिसते. प्लास्टिकमध्ये आणि पावतीच्या कागदात वापरलं जाणारं बीपीए हे रसायन बदनाम झालं, पावतीच्या कागदात त्याचंच भावंड बीपीएस आलं, तेही हार्मोनमध्ये तशीच ढवळाढवळ करतं. अमेरिकेचा १९७६ चा कायदा आला तेव्हा वापरात असलेली सुमारे ६२,००० रसायनं विनाचौकशी आत घेतली गेली. एकेक पदार्थ पकडून तपासत बसलो तर आपल्या नातवंडांच्या हयातीतही यादी संपायची नाही. मग सारख्या रचनेच्या रसायनांच्या सरसकट कुटुंबावरच बंदी मागावी का? की तसं लिहिलं तर सूचना पहिल्याच बैठकीत केराच्या टोपलीत जाईल?

कागदी घोडा: युरोपात माल पाठवणाऱ्यांची कागदपत्रं करतो, म्हणून बोलतो. तिथे २००७ पासून उलटा न्याय आहे. वर्षाला एक टन किंवा जास्त बनवायचं वा आणायचं असेल तर माहिती आधी द्या, नाहीतर बाजार बंद. पुढे १०, १०० आणि १००० टनांच्या पायऱ्यांवर चाचण्या वाढत जातात. पण भाळू नका. जमा झालेल्या फायलींत भरपूर त्रुटी निघाल्या, आणि एकदा नोंदणी क्रमांक हातात पडला की कोणी मागे वळून बघत नाही. तेव्हा नुसतं 'माहिती द्यावी' लिहू नका, मुदतीत पूर्ण न दिल्यास नोंदणी रद्द, असं लिहा.
आणि तुमच्या अकराव्या भागाबद्दल: 'चाचणी केलेली नाही' आणि 'चाचणी केली, काही आढळलं नाही' ही दोन वेगळी वाक्यं सक्तीची करायला सांगा. फुकटात होणारी सुधारणा आहे.

शंकेखोर: कुटुंबबंदीने तुमचं पिंप अडलं असतं का, हे आधी बघा. टीसीईत क्लोरीन, यात ब्रोमीन, शिवाय सांगाडाही वेगळा. हे भावंड नाही, फार तर लांबचा चुलत. नियमाने 'क्लोरीनवाले द्रावक' असा गट केला असता तर हे महाशय दारातून आरामात आत आले असते. म्हणून गट रचनेवरून करा, पण जोडीला कामावरूनही अट घाला: बंदी आलेल्या पदार्थाच्या जागी जे काही येईल, त्याची आधीच्याशी तुलना पुरवठादाराने करून द्यायची, मगच पिंप हलवायचं.
सरसकट बंदीला 'गरजेचा वापर' अशी फट ठेवावीच लागते. ओझोनचा थर वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारात सीएफसी, म्हणजे त्या थराला घातक रसायनं, बंद करताना दम्याच्या पंपांना तशी सवलत होती. पर्याय आला, सवलत गेली.
शब्द मात्र जपून. अमेरिकेने १९८९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, १९९१ मध्ये न्यायालयाने ती बहुतांशी रद्द केली. कारण काय, तर उद्योगावर कमीत कमी बोजा पडणारा मार्ग हाच, हे दाखवता आलं नाही. ती अट कायद्यातून जायला २०१६ उजाडलं आणि क्रिसोटाइलवर, म्हणजे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर, बंदी यायला २०२४. मसुद्यात 'कमीत कमी बोजा'सारखं काही दिसलं तर आधी त्याच्यावर बोट ठेवा.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. 'लांबचा चुलत' चपखल, शीर्षक मात्र आता बदलता येत नाहीये. मसुदा पुन्हा उघडला. सहाव्या कलमात 'उद्योगास वाजवी ठरेल अशा मर्यादेत' असे शब्द आहेत. हे तेच का?

शंकेखोर: सख्खं भावंड.