विंडोज १० वापरणाऱ्या गिऱ्हाइकांना लिनक्स मिंटवर आणायचं कसं? (कोल्हापूर)

शाहूपुरी_पीसी:
दुरुस्तीला येणारी बहुतेक मशिनं तिसऱ्या-चौथ्या जनरेशनची आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क अशी आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा किमान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो. चांगली चालणारी मशिनं भंगारात जाऊ नयेत असं मनापासून वाटतं, पण लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम, मिंट हा तिचाच एक प्रकार) म्हटलं की दुकानदार आणि क्लासवाले मागं सरतात. पटवायला सुरुवात कुठून करू?

उद्यमनगरकर:
भावा, लिनक्सचं नाव सगळ्यात शेवटी काढ. आधी तीन गोष्टी विचार: टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आहे का, प्रिंटर कुठला, मराठी टायपिंग कशात करतात.

टॅली असेल तर त्या मशिनला हात लावू नकोस. टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) कसंबसं चालवलं आणि मार्चएंडला अडकलं, तर तो माणूस कायमचा गेला. जीएसटी पोर्टल मात्र ब्राउझरमध्येच चालतं. एकट्या मालकीचं दुकान असेल तर ओटीपीवर रिटर्न भरता येतो, डिजिटल सिग्नेचरचा डोंगल लागत नाही. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डोंगल लागतो. ते मशीन विंडोजवरच ठेव.

बाकीच्यांना आहे त्याच विंडोजवर फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि व्हीएलसी टाकून दे. महिनाभर हात बसू दे. मग खालची सिस्टीम बदलली तरी रोजची खिडकी तीच राहते आणि निम्मी भीती तिथंच जाते.

राजारामपुरी_प्रिंट:
प्रिंटरकडं दुर्लक्ष करू नका, गिऱ्हाईक माघारी जातं ते यामुळंच. एचपी लेझरजेट १०२० बंद केला की स्वतःचं फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) विसरतो, दरवेळी कॉम्प्युटरला ते पाठवावं लागतं. मिंटमध्ये एचपीलिप (एचपीचे प्रिंटर लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) असतं, पण या मॉडेलला एचपीचं प्लगइन वेगळं टाकावं लागतं, आणि त्यासाठी इंटरनेट हवं. ते राहिलं तर प्रिंटर यादीत दिसतो, कागद मात्र हलत नाही. कॅननचा एलबीपी २९०० असेल तर त्याचा कॅप्ट ड्रायव्हर लिनक्सवर फार त्रास देतो. तिथं बदल करायच्या आधी दहादा विचार करा.

मिंट_वाला:
ड्युअल बूट (एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) टाळा, असं माझं ठाम मत आहे. नवी २४० जीबीची साटा एसएसडी बसवा, जुनी हार्डडिस्क काढून गिऱ्हाइकाच्याच हातात द्या. विंडोज जसंच्या तसं त्याच्याकडं राहतं, नाही जमलं तर दहा मिनिटांत परत. पटवायला याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवलं आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू राहिलं, तर लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन नुसतं वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही.

४ जीबीला मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ८ जीबीचा पेनड्राइव्ह रुफस या सॉफ्टवेअरनं तयार करा. इन्स्टॉल न करता तसाच चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंट गिऱ्हाइकासमोर तपासा. ब्रॉडकॉमचं वायफाय दिसलं नाही तर मोबाइलचं नेट यूएसबीनं द्या आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या.

शाहूपुरी_पीसी:
एसएसडीचं पटलं. एका क्लासवाल्यांच्या सगळ्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) आहेत, त्यांचं काय?

उद्यमनगरकर:
त्या फाइल युनिकोडमध्ये (अक्षरांचे सगळीकडं सारखे चालणारे कोड) नाहीत. आत इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत, देवनागरी फक्त फॉन्ट दाखवतो. म्हणून दुसरीकडं उघडलं की कचरा दिसतो. जुन्या फाइल विंडोजवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा, चुका तिथंच होतात. नव्या टायपिंगला मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड लेआउट) जोडा. सरांना फक्त जुनाच लेआउट येत असेल तर परीक्षेच्या तोंडावर बदलू नका, मे महिन्याच्या सुट्टीत करा.