व्हिटेकरला पाच टक्केही मिळाली नाहीत, म्हणून?

'पहिल्याच वर्षी पाच टक्के मतंही मिळाली नाहीत, म्हणजे लू व्हिटेकर बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या (दिग्गज खेळाडूंच्या सन्मान-दालनाच्या) तोडीचा नव्हताच' हे अजिबात पटलं नाही. २००१ मध्ये त्याला २.९ टक्के मतं पडली आणि नियमाप्रमाणे नाव कायमचं मतपत्रिकेबाहेर गेलं. त्याचा मैदानावरचा जोडीदार अॅलन ट्रॅमल मात्र पंधरा वर्षं मतपत्रिकेवर टिकला आणि शेवटी मतदानातून नाही, तर हॉलच्या वेगळ्या समितीमार्फत २०१८ ला आत गेला.

दोघांचं पदार्पण १९७७ ला एकाच दिवशी, डेट्रॉइटच्या संघाकडूनच. ट्रॅमलने शॉर्टस्टॉपवरून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या जागेवरून) चेंडू द्यायचा, व्हिटेकरने सेकंड बेसवर पाय टेकवून पहिल्या बेसकडे फेकायचा, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद, हे १९ हंगाम चाललं. हिट्स २३६९ विरुद्ध २३६५, होमरन २४४ विरुद्ध १८५, दोन्हींत व्हिटेकरच पुढे. मग जोडीतला एकच आत का? समितीने त्याला न्याय द्यायलाच हवा.